पोरीनं तोंड फिरवलं ते पाच दिवस

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या आवाजामुळेच झालं असं मी चार दिवस धरून चालले होते. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गिअरचे पार्ट बनतात तिथे. ग्राइंडिंगच्या त्या कलकलाटात लाइनवरच्या माणसाला थांबवायचं तर घसा फोडूनच ओरडावं लागतं, आणि आठ वर्षं तसं ओरडल्यावर बाई घरी येऊन एकदम मंजूळ होत नाही. माहेरी, दिघीला, माझी आई म्हणायची, तू फोनवर बोलतेस तेव्हा मधे फोन कशाला लागतो तेच कळत नाही.

मुलगी सात महिन्यांची झाली होती. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी ती दीड महिना वाढवून घेतली होती, आणि आता तीही संपत आली होती. येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी, आणि तिला सांभाळायला गावाहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासरचं गाव चाकणच्या पलीकडे, आत. थोडी शेती आणि एक म्हैस अजून आहे, म्हणून सासरे तिकडेच थांबलेले.

कामावर जायचं म्हटलं की मी तिला उचलून घ्यायची. पण मी मनाशी एक ठरवलं होतं आणि त्यावर तग धरून होते. सकाळी निघायच्या आधी तिला पाजायचं, संध्याकाळी आल्या आल्या पाजायचं, आणि मग रात्रभर ती माझीच. मधल्या वेळात आजीच्या हातचं काय खायचं ते खाऊ दे. दिवसभर ती दुसऱ्याची झाली तरी दोन वेळा माझ्यापाशी यावंच लागेल, असा माझा हिशेब. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेवढाच आधार होता.

मंगळवारी दुपारी ती चावली. खालचे दोन दात नुकतेच फुटले होते, तांदळाच्या कणीएवढे. पिता पिता डोळे मिटायला लागली होती आणि एकदम कचकन चावली. मी ओरडले. 'आई गं' वगैरे नाही. लाइन थांबवायला ओरडते तसं, 'ए!' म्हणून. तिनं तोंड सोडलं, माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि मग ती जी रडली तसं रडणं मी तिच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. सासूबाई खाली सोसायटीच्या बागेत बायकांबरोबर बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, गाणं म्हटलं, माझीच मला लाज वाटली. सासूबाई वर आल्या तोवर ती झोपली होती. मी त्यांना काही सांगितलं नाही.

चावलेल्या जागी चीर पडली होती आणि ती भयंकर चुणचुणत होती. कंपनीतली एक मैत्रीण मागे कधीतरी म्हणाली होती, भाजलं-कापलं की कोरफड लाव, गार वाटतं. बाल्कनीत कुंडी होतीच. पान कापून चिरेला लावलं, दुसरी बाजूही हुळहुळत होती म्हणून तिलाही लावलं, खरंच गार वाटलं. पाजायच्या आधी ओल्या कापसानं पुसून घेत होते, तेवढी अक्कल होती मला. संध्याकाळी तिला घेतलं तर तिनं तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, सोडलं. परत लावलं, परत सोडलं. मला वाटलं, दुपारचा राग.

बुधवारी सकाळी ती आलीच नाही. मी जवळ घेतलं की पाठ ताणून मागे झुकायची, दोन्ही हातांनी मला ढकलायची. खिडकीपाशी ज्या खुर्चीत मी तिला पाजायची, त्या खुर्चीकडे वळलं तरी भोकाड. बाकी खेळत होती, हसत होती, आजीच्या बांगड्या ओढत होती. सगळ्या जगाशी तिचं ठीक होतं, फक्त माझ्या छातीशी वाकडं होतं. दुपारपर्यंत माझं अंग दुधानं इतकं दाटलं की हात वर करता येईना.

सासूबाईंच्या मते दृष्ट लागली होती. मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन त्यांनी दृष्ट काढली आणि गॅसवर तव्यात टाकली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट होतीच, असं त्यांनी जाहीर केलं. मग मागच्या आठवड्यात कोण कोण येऊन गेलं त्याची उजळणी झाली. मी मान हलवत होते. मला ठाऊक होतं दृष्ट कुणाची होती ते.

नवरा पहिल्या शिफ्टला होता, चार वाजता आला. तोही क्वालिटीतलाच, दुसऱ्या कंपनीत. आमच्या घरात फ्रिजवर एक छोटा पांढरा बोर्ड आहे, एरवी त्यावर गॅस कधी लावला आणि लस कधी आहे ते लिहिलेलं असतं. त्यानं तो पुसला आणि मार्कर घेतला. आमच्या धंद्यात एखादा पार्ट बिघडला की 'का' विचारायचं, त्याच्या उत्तराला पुन्हा 'का', असं पाच वेळा, म्हणजे मूळ कारण सापडतं म्हणतात. दिवसभर तेच करून आलेला माणूस घरी पोरीसाठीही तेच करायला बसला. हसू नका, मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं. आम्हाला दुसरं येतंच काय.

त्यानं पहिला प्रश्न नेहमीचा विचारला. मंगळवारच्या आधी आणि नंतर, काय बदललं? मी म्हणाले, काही नाही.

आठ वर्षं मी लोकांच्या रिपोर्टवर लाल पेननं फुल्या मारल्यात. खरं लिहा, लपवू नका, लपवलंत तर सगळी लाइन वाया जाते, असं पोरांना घसा कोरडा करून सांगितलंय. आणि माझ्या घरात, माझ्या पोरीच्या बाबतीत, मी पहिल्याच रकान्यात खोटं सांगितलं. ओरडले हे मी लपवलं. आणि कोरफडीचं तर लपवलंही नाही, ती माझ्या डोक्यातच आली नाही. औषधाला कोण बदल म्हणतं?

बोर्डवर मग काय काय आलं. अंगाचा साबण. मी खाल्लेला लसूण. शेजारच्या प्लॉटवर चालू असलेल्या पाइलिंगचा, पाया ठोकण्याचा आवाज. दात. त्यानं साबण बदलला, लसूण बंद केला, खिडकी लावून घेतली आणि दर तासाला एकदा 'ट्राय' घ्यायची असं ठरवलं. वेळ लिहायची, घेतलं की नाही ते लिहायचं. गुरुवार सकाळपर्यंत बोर्डवर नुसत्या फुल्या झाल्या. दर फुलीगणिक ती जास्त चिडत होती आणि मी जास्त घाबरत होते. दहाव्या का अकराव्या फुलीला तो मार्कर घेऊन दारात उभा राहिला आणि माझं डोकं फिरलं.

"ही पोरगी आहे," मी म्हणाले. "रिजेक्ट झालेला लॉट नाही."

त्यानं मार्करचं टोपण लावलं आणि कामाची वेळ दुपारची असूनही तेव्हाच निघून गेला. दुसऱ्या शिफ्टला बदली घेतली होती त्या दिवशी, सकाळी मला डॉक्टरांकडे नेता यावं म्हणून. म्हणजे बिचाऱ्यानं तेवढंही केलं होतं, आणि मी त्याला वाटेला लावलं. शेवटी मी आणि सासूबाई रिक्षानं गेलो.

डॉक्टरबाईंनी मुलीचे कान पाहिले, घसा पाहिला, तोंडात बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. काही मुलं अशी अचानक रुसतात, बऱ्याचदा चार-सहा दिवसांत परत येतात, म्हणाल्या. जबरदस्ती करू नका. दूध काढत राहा, नाहीतर आटेल, आणि ते वाटी-चमच्यानं पाजा. लंगोट नेहमीसारखे ओले होतायत ना तेवढं बघा, मरगळली किंवा लंगोट कोरडे राहायला लागले तर लगेच घेऊन या. आणि पेंगुळलेली असताना, अंधाऱ्या शांत खोलीत, अंगाला अंग लागेल अशी घेऊन बघा. मग त्यांनी विचारलं, चावली का, दचकली वगैरे का. सासूबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हणाले, दात आलेत, चावते थोडी. थोडी.

घरी येऊन मी मशिननं दूध काढायला बसले. ते मशिन घरघरत राहतं आणि बाई नुसती भिंतीकडे बघत बसते. निघालेलं दूध सासूबाई बोंडल्यातून पाजायच्या. नवऱ्याच्या लहानपणचं पितळी बोंडलं होतं ते, गावाहून येताना त्यांनी पिशवीत घालून आणलेलं. त्याच्या चोचीतून मुलगी गटागटा प्यायची. माझंच दूध, माझ्यासमोर, आजीच्या मांडीवर. पिऊन झालं की आजीच्या खांद्यावर डोकं टाकायची. तेव्हा मला सासूबाईंचा असा राग आला की काय सांगू. त्यांनी काय केलं होतं माझं? पोरीचं पोट भरत होत्या. पण हेवा वाटला, आणि तो वाटला हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

शुक्रवारी दूध कमी निघालं. आदल्या दिवशी जेवढं भांडं भरत होतं, त्याच्या निम्मंच. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सोमवारी मी कामावर जाणार नाही असं ठरवलं, मग जाणार असं ठरवलं. ती मला विसरणार, तिच्या लक्षात फक्त तो आवाज राहणार, याचीच धास्ती होती. मशिनमुळे चीर आणखी उघडली होती, म्हणून दूध काढून झालं की मी कोरफड लावतच होते. दिवसाला तीनदा-चारदा.

शनिवारी सकाळी सासूबाई कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होत्या. त्यांची सवय, चिरता चिरता एक फोड तोंडात टाकायची. टाकली आणि थूत् करून बेसिनमध्ये थुंकली. दुसरी काकडी घेतली, तीही थुंकली. मी म्हणाले, काकड्याच कडू आल्या असतील. त्यांनी तिसरी काकडी हातानं मोडली आणि मोडलेला तुकडा खाल्ला. तो गोड निघाला. मग त्यांनी सुरी उचलून उजेडात धरली, पात्याच्या मुठीपाशी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"काकडी कडू न्हाई," त्या म्हणाल्या. "सुरी कडू हाय. काय कापलंस हिच्यानं?"

मी सांगितलं, कोरफड. कशाला? जखमेला. कसली जखम? मी छातीकडे हात केला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, ते तर पोर तोडायला लावत्यात," त्या म्हणाल्या.

गावाकडे मुलाचं अंगावरचं पिणं बंद करायचं म्हणजे पोर तोडायचं, आणि त्यासाठी बायका पिढ्यानपिढ्या कोरफडीचा चीक लावतात. पान कापलं की पिवळा चीक येतो ना, तो. हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मला नव्हतं. मी वाद घातला. मी पुसते, म्हणाले, दर वेळी ओल्या कापसानं पुसते. त्यांनी वाद घातला नाही. बाल्कनीतून पान कापून आणलं, माझ्या मनगटावर चोळलं, थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाल्या, आता चाट. चाटलं. कडू जहर. साबण लावून धुतलं, पुन्हा चाटलं, तरी कडू. आमच्या कंपनीत यापेक्षा सरळ टेस्ट मी पाहिलेली नाही.

चार दिवस माझी पोर भुकेनं माझ्याकडे यायची आणि मी तिच्या तोंडात कडू देत होते. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि मग सगळंच बाहेर आलं. चावली, ओरडले, किती जोरात ओरडले, कुणाला सांगितलं नाही, ती मला घाबरली म्हणून पीत नाही असं वाटत होतं. सासूबाईंपुढे मी तोवर कधी रडले नव्हते. आमचं तसं जमायचं, पण बेताचं.

त्याही खाली बसल्या, समोर पाय पसरून. चावल्यावर ओरडणार नाही तर काय आरती करणार, म्हणाल्या. त्या स्वतः तर धपाटा घालायच्या. मग ताटलीतल्या कडू काकडीच्या फोडी इकडच्या तिकडे करत राहिल्या, आणि त्यांच्याकडे बघतच बोलायला लागल्या.

माझा नवरा तेव्हा दहा महिन्यांचा होता. घरात माणसं जास्त, कमावणारे हात कमी, म्हणून त्यांना चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायला लागणार होतं. त्यांच्या सासूनं सांगितलं, अंगावर पिणारं पोर मागं ठेवून जाता येत न्हाई, तोड त्याला. त्यांनी सकाळी चीक लावला आणि पदराखाली घेतलं. एकदाच प्याला. तोंड काढून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्या गेल्या. दिवसभर कांदा निवडला. संध्याकाळी घरी आल्या त्या आधी मोरीत गेल्या, राख लावून, माती लावून, घासून घासून धुतलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसल्या. तो आजीपाशी खेळत होता.

"मी धुऊन बसले हुते," त्या म्हणाल्या. "त्यानं मागितलंच न्हाई. मागितलं असतं तर मी दिलं असतं. सासूला चोरून दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुन्हा कधीच नाही. शहाणं पोर हाय, एका दिवसात तुटलं, म्हणून सासूनं आळीभर कौतुक केलं. हे सांगून त्यांनी फोडी कचऱ्यात टाकल्या, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, ऊठ, बेसन लावून गरम पाण्यानं धू, दोनदा धू, चिरेला साजूक तुपाशिवाय काही लावू नको, आणि तेही पाजायच्या आधी पूस. आणि हे त्याला सांगू नको. आता त्याला काय करायचंय.

त्यांचं मी सांगितलं नाही. माझं मात्र नवरा आल्यावर सगळं सांगितलं, ओरडण्यासकट. तो मग म्हणाला, बुधवारीच का नाही सांगितलंस. मी म्हणाले, तू ते बोर्डवर लिहिशील म्हणून. तो गेला आणि फडकं घेऊन सगळ्या फुल्या पुसून टाकल्या.

तो यायच्या आधी, शनिवारी दुपारी, ती पेंगुळली असताना मी पडदे ओढले आणि अंगाला अंग लावून तिला कुशीत घेऊन पडले. काही केलं नाही, नुसती पडून राहिले. अर्धवट झोपेत तिनंच तोंड हलवलं, शोधलं आणि घेतलं. मिटल्या डोळ्यांनी चार-पाच मिनिटं प्याली असेल. मग जाग आली, मी दिसले, आणि सोडून दिलं. मी खोलीबाहेर आले तेव्हा सासूबाई दाराशीच उभ्या होत्या.

घेतलं का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घेतलं, पण झोपेत. त्या हं म्हणाल्या आणि आत गेल्या. रविवारी सकाळी पुन्हा तसंच. पुन्हा विचारलं, पुन्हा मी म्हणाले, झोपेत. पुन्हा नुसतं हं. मला जरा रागच आला. थेंबभर का होईना, पोटात गेलं ना, मग एवढं तोंड पाडायचं काय कारण? तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये जमिनीवर मटार सोलत बसलो होतो. नवरा आत झोपला होता. मुलगी चटईवर होती, तेव्हा ती नुकती पोटावर सरपटायला लागली होती. खुळखुळा टाकून ती सरपटत माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्यावर एक हात ठेवला, दुसरा ठेवला, आणि गाऊनवरूनच माझ्या छातीला तोंड लावून कापड चोखायला लागली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तक्रारीचा एक आवाज काढला.

मी हललेच नाही. सासूबाई कुजबुजल्या, आता बघत काय बसलीस, घे की. आणि वर म्हणाल्या, चावली तर वरडू नको हां, लेक झोपलाय माझा.

मी बटणं काढली. ती प्याली. डोळे टक्क उघडे ठेवून, माझ्याकडे बघत, एक हात माझ्या तोंडात घालून. एका बाजूचं संपवलं आणि दुसरीकडे वळायला स्वतःच हात मारला. मी रडत होते, पण आवाज न करता, तेवढं मला त्या दिवशी जमलं. पाचव्या दिवशी मला माझी मुलगी परत मिळाली होती, आणि आता सोमवार आला तरी मी जाऊ शकत होते.

"मागितलं तिनं," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हणाले, हो.

त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, मागितलं. यावेळी माझ्याशी बोलत नव्हत्या. आत नवरा कुशीवर वळल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी त्या दाराकडे बघितलं, आणि सोलत राहिल्या. दाणे टरफलांच्या ढिगात टाकत होत्या आणि टरफलं पातेल्यात. मी बघत होते.